सुईमावशी आणि एका पेशीचं घराणं

सुईमावशीचा राग पाहायचा असेल तर एकच करायचं: रक्त काढायच्या आधी रिकाम्या नळीवर लेबल चिकटवायचं. एकदा नव्यानेच लागलेल्या एका पोरीने सकाळचा वेळ वाचावा म्हणून दहा नळ्यांना लेबलं लावली, त्या ओळीने मांडल्या आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिली. मावशीने दहाच्या दहा नळ्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकल्या आणि मग म्हणाली, "आधी माणूस, मग रक्त, मग लेबल. लेबल आधी लावलंस की माणूस कुठल्या नळीत जायचा ते तू आधीच ठरवून टाकतेस. आणि माणूस काही तुझ्या ठरवण्याप्रमाणे येत नाही." त्या पोरीने कानाला खडा लावला. आता ती दुसऱ्या इस्पितळात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिथल्या पोरींना हेच ऐकवते म्हणतात.

असा करडा नियम पाळणाऱ्या बाईने तो स्वतः मात्र बारा वर्षं मोडला. एकाच माणसासाठी. त्याचं काय झालं ते सांगायचं म्हणजे आधी मावशी कोण ते सांगायला हवं.

सुईमावशी हे तिचं नाव नव्हे, ते लहान मुलांनी पाडलेलं. रक्त काढणं हे तिचं काम, आणि ते तिने इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसणाऱ्या एका खोलीत पस्तीसेक वर्षं केलं. खोलीत दोन खुर्च्या, एकीच्या हाताला रेक्झिनची गादी, भिंतीला एक पंखा, जो उन्हाळ्यात आवाज जास्त आणि वारा कमी द्यायचा. ज्याची शीर कुणाला सापडत नाही असा माणूस वरच्या मजल्यावर असला की तिला बोलावणं यायचं. ती शीर डोळ्यांनी शोधायचीच नाही. बोट टेकवायची, डोळे मिटायची, आणि "आहे, लपलीय" म्हणून हसायची. तिचा नवरा बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, "हिच्याशी हात मिळवताना सांभाळा. ती तुमचा चेहरा नाही बघत, कोपर बघते."

स्वभावाने फटकळ. मोठ्या डॉक्टरांनाही तोंडावर बोलायची. पण सुई टोचताना तिच्या तोंडून फुंकर निघायची, समोर साठीचा पैलवान असला तरी.

आता ज्या माणसासाठी नियम मोडला, ती व्यक्ती. अभ्यासात तिचं नाव "एक नंबर". मोठ्या डॉक्टर एका नव्या उपचाराचा अभ्यास करत होत्या, आणि अशा अभ्यासात माणसांची नावं कागदावर लिहायची नसतात, नुसते आकडे. एकूण चौदा माणसं. त्यांतली पहिली म्हणून ही एक नंबर. आली तेव्हा अकरा वर्षांची, काडीसारखे हात, चेहऱ्यावर पिवळट झाक. तिला जन्मापासून थॅलेसेमिया. म्हणजे शरीर तांबड्या पेशी बनवायचं, पण त्या धड टिकायच्या नाहीत. म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं. ते नाही मिळालं की पोर जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायची. अकरा वर्षं हेच. तिच्या शिरा एव्हाना इतक्या टोचल्या गेल्या होत्या की मावशीचं बोटसुद्धा चाचपडायचं.

ती पोर नळ्यांना घाबरायची नाही, लेबलांना घाबरायची. मावशी एकेका नळीवर लेबल लावायला लागली की ही मोजायला लागायची. पाच, सहा, सात. आणि सातला रडायची. म्हणून मावशीने काय केलं, तर हिच्या नळ्या सकाळीच लेबलं लावून एका ट्रेमध्ये ठेवायच्या, वर स्वच्छ नॅपकिन झाकायचा, आणि एकेक नळी तळहातात धरून, रक्त भरलं की परत नॅपकिनखाली सरकवून द्यायची. पोरीला मोजायला काही उरायचंच नाही. ही सवलत फक्त एक नंबरला. कुणी विचारलं तर मावशी म्हणायची, "हिची मला खात्री आहे." खात्री वाटली की माणूस नियम विसरतो, ते असं.

उपचार काय होता ते मोठ्या डॉक्टरांनी पोरीच्या आईला मावशीच्याच खोलीत समजावलं, कारण वर बसायला जागा नव्हती. आई शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायची. ती वही घेऊन आली होती. डॉक्टर म्हणाल्या, "हाडांच्या आत जो गर असतो ना, तिथे रक्ताच्या मूळपेशी राहतात. सगळं रक्त त्यांच्यापासून होतं. हिच्या मूळपेशींना तांबड्या पेशीत भरायचा एक पदार्थ नीट करता येत नाही, कारण त्यांच्याजवळचं एक जनुक बिघडलेलं आहे. आपण त्या पेशी बाहेर काढू. एक विषाणू घेऊ, त्याचे दात काढून टाकलेले असतील, तो रोग करणार नाही. त्याच्या पाठीवर चांगलं जनुक देऊन त्याला पेशीत पाठवू. मग त्या पेशी परत हिच्या शरीरात."

"म्हणजे दुसऱ्याच्या नाहीत?" आईने विचारलं.

"तिच्याच. दुरुस्त केलेल्या."

आईने वहीत "तिच्याच" एवढंच लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पेशी परत घालायच्या आधीचा महिना वाईट गेला. जुना गर रिकामा करायला औषधं दिली, केस गेले, तोंडात फोड आले, पोर काचेपलीकडच्या खोलीत. मावशी मास्क, टोपी, झगा चढवून आत जायची तेव्हा पोर तिला फक्त फुंकरीवरून ओळखायची. आणि मग दुरुस्त पेशींची ती पिशवी आली. मावशीने आयुष्यात शेकडो पिशव्या पाहिल्या होत्या, टम्म भरलेल्या, लालभडक. ही कपभरसुद्धा नव्हती. फिकट गुलाबी, धुतलेल्या भांड्याच्या पाण्यासारखी. वीस मिनिटांत संपली. मावशीला राहवलं नाही, ती म्हणाली, "बस? एवढंच?" डॉक्टर म्हणाल्या, "एवढंच. आता वाट बघायची. त्यांना हाडांत जायची वाट सापडली पाहिजे." कुणी वाट दाखवायची नाही, काही नाही. शिरेत सोडलेल्या पेशी आपल्या आपण हाडाचं घर शोधून काढतात आणि तिथे संसार मांडतात. मावशी इतकी वर्षं रक्तात हात घालून बसली होती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्याला काहीच माहीत नाही." तो म्हणाला, "हे मी तुला लग्नापासून सांगतोय."

तीन आठवडे गेले. सहा गेले. एकदा रक्त चढवावं लागलं, मग पुन्हा दोन महिन्यांनी, आणि त्यानंतर नाहीच. मावशी दर आठवड्याला नळीभर रक्त काढायची, आणि नळीतला रंग गडद होत चालला होता, हे तिला यंत्राच्या आधी कळायचं. सहाव्या महिन्यात पोर धावत खोलीत आली. धावत! दारात थांबून धापा टाकत म्हणाली, "मावशी, वर चार जिने चढून आले. न थांबता." मावशी तिला ओरडली, कारण जिन्यावर पळायचं नसतं. मग स्टोअरमध्ये जाऊन, कापसाच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून रडली.

इथे कुणीही म्हणेल, झालं, पोर बरी झाली, गोष्ट संपली. नाही ना. मावशीचं खरं काम आता सुरू झालं, आणि ते पंधरा वर्षांचं होतं.

त्याचं कारण असं. तो विषाणू चांगलं जनुक पेशीत नेऊन ठेवतो खरं, पण कुठे ठेवायचं ते त्याला सांगता येत नाही. पेशीच्या आत हजारो जनुकांची लांबच लांब माळ असते. हा नवा मणी तिच्यात कुठेही जाऊन बसतो. प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण एखाद्या पेशीत तो "वाढ, वाढ" म्हणणाऱ्या जनुकाच्या शेजारी बसला, तर ती पेशी ऐकायचं सोडते, वाढतच जाते. त्याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात. आणि हे लगेच होत नाही. दोन वर्षांनी होईल, दहा वर्षांनी होईल, किंवा कधीच होणार नाही. म्हणून पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून बघायचं.

बघायचं कसं, तर तेही अद्भुतच. नवा मणी ज्या जागी बसला ती जागा म्हणजे त्या पेशीची खूण. तिला जितकी लेकरं, नातवंडं, पतवंडं होतील, सगळ्यांत तीच खूण त्याच जागी. म्हणजे नळीभर रक्तावरून सांगता येतं की यात किती घराणी आहेत आणि कुठल्या घराण्याचा वाटा किती. वरच्या प्रयोगशाळेतला माणूस, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, त्याने एकदा मावशीला एक नंबरचा नकाशा दाखवला. अकराशेच्या वर घराणी, प्रत्येकाला एक रंग, बारीक बारीक पट्टे. "ही सगळी त्या कपभर पाण्यातली?" मावशीने विचारलं. "त्यातलीच." मावशी खुर्ची ओढून बसली आणि अर्धा तास त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. चष्मेवाला चहा पिऊन आला तरी ही तिथेच.

वर्षं गेली. पोर वाढली, उंच झाली, तोंडाळ झाली. आणि काम कसलं धरलं, तर लिफ्ट दुरुस्तीचं. लहानपणी चौथ्या पायरीवर बसणारी पोर आता बारा-बारा मजल्यांच्या इमारतींत जिने चढून वर मोटरीच्या खोलीत जायची, लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभी राहून तारेचे दोर तपासायची. बोटांना ग्रीस, कमरेला पान्यांचा पट्टा. मावशीला म्हणायची, "तू सुईने बघतेस, मी पान्याने." मावशी म्हणायची, "आधी ती नखं घास, मग माझ्या खुर्चीत बस."

नवव्या वर्षी चष्मेवाल्याने एका पट्ट्यावर बोट ठेवलं. एक घराणं शंभरात सहावर गेलं होतं. बाकीची सगळी एकाच्या खाली. दहाव्या वर्षी चौदा. अकराव्या वर्षी सत्तावीस. एका पेशीची लेकरं पोरीच्या रक्ताचा पाव हिस्सा व्यापून बसली होती, आणि वाढत होती.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. लपवायचं नाही असा त्यांचा शिरस्ता. पोरीने ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे दोरातली एकच तार जास्त वजन घेतेय?"

"तसंच काहीसं. ती तुटेल, बिघडेल, असं अजून काही दिसत नाही. पेशी दिसायला चांगल्या आहेत. पण ती कुठवर वाढणार, ते कळायला हवं. चाळिसाच्या पुढे गेली तर मी तुझ्या गराची पुन्हा तपासणी करेन आणि कदाचित तो सगळा गर बदलावा लागेल."

"पुन्हा ती काचेची खोली?"

"पुन्हा ती काचेची खोली. आणि या वेळी दुसऱ्याच्या पेशी."

पोरीने त्या घराण्याचं नाव ठेवलं दांडगी. त्यानंतर वर्षातून एकदाऐवजी दर महिन्याला रक्त. खुर्चीत बसता बसता विचारायची, "काय म्हणते दांडगी?" एकतीस. पुढच्या महिन्यात तेहतीस. हसून विचारायची, पण मावशीच्या हातात तिचं मनगट असायचं. नाडी काही हसत नव्हती. पोरीची आई तर पार खचली. ती रोज फोन करायची, आणि मावशी रोज तेच उत्तर द्यायची, "ताई, फोनवर मी आकडे सांगत नाही. डॉक्टर सांगतील."

चौथ्या महिन्यात दोघं एकाच सकाळी येणार होती. आठला एक नंबर, दहाला बारा नंबर. बारा नंबर म्हणजे शाळेतले एक चित्रकलेचे मास्तर, वर्षातून एकदा यायचे. त्या सकाळी मावशीला वर वॉर्डात बोलावणं होतं, म्हणून घाईत तिने दोन्ही ट्रे तयार करून ठेवले. एक नंबरचा डावीकडे, बाराचा उजवीकडे, दोन्हींवर नॅपकिन. होय, बाराच्या नळ्यांनाही लेबलं आधीच. एकासाठी मोडलेला नियम दुसऱ्यासाठी मोडायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवशी कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये सहा माणसं अडकली, आणि एक नंबर तिकडे धावली. मास्तरांची शाळा लवकर होती, ते आठलाच आले. मावशीने त्यांच्याशी गप्पा मारत मारत रक्त काढायला घेतलं आणि हात सवयीने पहिल्या ट्रेकडे, डावीकडे गेला. दोन तासांनी एक नंबर आली, तिच्यासाठी हात उजवीकडे गेला. नॅपकिन होते की! कुणी वाचलं नाही. आणि जन्मतारीख विचारून लेबलाशी ताडून बघायचं, तेही राहिलं. हिची मला खात्री आहे ना.

दांडगीसाठी चष्मेवाल्याने एक छोटी तपासणी बसवली होती, फक्त त्या एका खुणेची, तिचा निकाल आठवड्यात यायचा. सगळ्या घराण्यांचा पूर्ण नकाशा यायला आणखी दहा दिवस. आठवड्याने चष्मेवाला कागद घेऊन जिने उतरत खाली आला. तोंडावर आनंद मावत नव्हता. "मावशी, शून्य."

"काय शून्य?"

"दांडगी. नाहीच! एकही नाही."

डॉक्टरांनी कागद पाहिला, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "तेहतीसवरून शून्य? कुणालाही सांगू नका. पूर्ण नकाशा येऊ द्या." मावशीने मान डोलावली. दहा मिनिटांनी फोन वाजला. पोरीची आई. "काही कळलं का हो? चार दिवस डोळ्याला डोळा नाही." आणि एकतीस वर्षांत फोनवर एक आकडा न सांगितलेल्या मावशीच्या तोंडून निघून गेलं, "ताई, झोपा आता. शून्य आहे. गेली ती."

पलीकडून रडणं ऐकू आलं, मग पोरीने फोन हिसकावून घेतला आणि ओरडली, "मावशी! खरंच?" मावशी म्हणाली, "खरंच." त्या घरात पुढचे दहा दिवस कसे गेले असतील ते सांगायला नकोच.

अकराव्या दिवशी चष्मेवाला पुन्हा खाली आला. या वेळी हळू. त्याने दोन नकाशे टेबलावर ठेवले. "मावशी, एक नंबरच्या नळीत हिच्या अकराशे घराण्यांपैकी एकही घराणं नाही. दांडगीच नाही असं नाही, कुणीच नाही. ही सगळी घराणी बारा नंबरची आहेत. गेल्या वर्षीच्या त्यांच्या नकाशाशी पट्टा न पट्टा जुळतो. आणि बाराच्या नळीत..."

"ती बसलीय," मावशी म्हणाली.

"चौतीस."

मावशीने दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ओढून घेतले. पण खरं सांगायचं तर त्या घडीला, लाज आणि भीती यांच्याही आधी, तिला दुसरंच काही वाटलं, आणि ते तिने नंतर नवऱ्याजवळ कबूल केलं. तिला वाटलं, लेबल खोटं बोललं, पण रक्त बोललं नाही. मास्तरांच्या रक्ताला मास्तर ठाऊक होते आणि पोरीच्या रक्ताला पोर. जगात कुठल्याही नळीत घाला, ते आपली अकराशे घराणी घेऊन उभं राहतं आणि सांगतं, मी अमक्याचं. मावशीने मात्र ते बारा वर्षं नॅपकिनखाली झाकलं.

तिने झालेल्या चुकीचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला, दोन पानं. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी यापुढे रक्त काढणार नाही. मास्तरांना तुम्ही सांगा. त्या घरी मी सांगते."

"मी सांगते, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

"शून्य मी सांगितलं होतं."

फोन आईने उचलला. मावशीने आडपडदा न ठेवता सांगितलं. नळ्यांची अदलाबदल झाली, माझ्या हातून झाली, ती गेलेली नाही, चौतीस आहे. आई म्हणाली, "तुम्ही आमच्या जिवाशी खेळलात." मग पोरीचा आवाज आला.

"मावशी, दहा दिवस छान गेले गं."

"मला माफ नको करूस."

"नाही करत. उद्या सकाळी येते. पुन्हा काढ."

"दुसरी काढेल. मी सोडलंय."

"दुसरी?" पोरीचा आवाज चढला. "माझ्या शिरा बारा वर्षं कुणाला सापडतात? सोडलंय म्हणे! तू चुकलीस, मग तूच नीट कर. आणि ऐक. लेबलं माझ्यासमोर लाव. मी मोजणार."

दुसऱ्या दिवशी मावशीने रिकाम्या नळ्या तिच्यासमोर ठेवल्या. नॅपकिन नाही. बोट टेकवलं, डोळे मिटले, फुंकर घातली. मग एकेका नळीवर लेबल लावताना तिने पोरीचा आकडा आणि जन्मतारीख मोठ्याने वाचली. पोर मोजत होती. पाच, सहा, सात. सातला थांबली, मावशीकडे बघितलं आणि म्हणाली, "सातच ना? आता नाही रडत मी." त्या नळ्यांत चौतीसच निघाली.

त्या महिन्यापासून जो काळ गेला त्याला मावशी टांगणीचा काळ म्हणते. पस्तीस. चौतीस. छत्तीस. छत्तीस आली तेव्हा आईने काचेच्या खोलीसाठी पिशवी भरायला घेतली होती. डॉक्टरांनी चाळिसाची वाट न बघता तेव्हाच गराची तपासणी केली, पेशी निर्मळ. पुढच्या महिन्यात पस्तीस. मग पुन्हा पस्तीस. अख्खं वर्ष ती पस्तिसाच्या आसपास घुटमळत राहिली, पुढे जाईना, मागे येईना. दर महिन्याचं रक्त दर तीन महिन्यांवर आलं, मग सहा. त्या घराण्याला जेवढं वाढायचं होतं तेवढं ते वाढलं आणि थांबलं. का थांबलं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. त्या म्हणतात, "कारण कळलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं." मावशीला हे वाक्य आवडतं. खोटा धीर न देणारी माणसं तिला आवडतात. मधल्या काळात मावशीचं निवृत्तीचं वय झालं, पण आठवड्यातून तीन दिवस तिला ठेवून घेतलं, आणि ते तीन दिवस कुठले ते एक नंबरच्या तारखा बघून ठरायचे.

आणि पंधरावं वर्ष आलं. अभ्यासाचं शेवटचं रक्त. आकडा पस्तीस. डॉक्टर स्वतः खाली आल्या आणि मावशीच्या खोलीतच तिला म्हणाल्या, "अभ्यास संपला."

"म्हणजे मी सुटले?"

"कागदावरून सुटलीस. तुझ्या रक्ताचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. या उपचारात पंधराच्या पुढचं आमचं एकही माणूस नाही. सोळाव्या वर्षात जाणारी तू पहिली. वर्षातून एकदा येत राहा, नियम नसला तरी."

डॉक्टर गेल्या. पोर, आता सव्वीस वर्षांची बाई, खुर्चीतून उठेना. कोपरावरचा कापूस दाबून बसली होती. मग म्हणाली, "मावशी, पंधरा वर्षं माझं रक्त नेतेस. मला एकदाही दाखवलं नाहीस."

"नळीत बघतेस की."

"नळीत नाही. आतलं."

मावशीला खरंच कधी सुचलं नव्हतं. एकतीस वर्षं आणि त्यावर ही चार, एवढ्यात एकाही माणसाने स्वतःचं रक्त बघायला मागितलं नव्हतं. तिने काचेच्या पट्टीवर एक थेंब घेतला, दुसऱ्या पट्टीने तो पसरला, वाळवला, रंग ओतला, धुतला. त्यात पंधरा मिनिटं गेली. बाहेर पुढचा माणूस खोकून आपण असल्याचं कळवत होता. मावशीने सूक्ष्मदर्शकाचं भिंग लावलं, दिवा जुळवला आणि बाजूला झाली.

पोरीने डोळा टेकवला आणि तिचा श्वास ऐकू येईनासा झाला.

"बाप रे," ती म्हणाली. "किती आहेत गं."

"तांबड्या त्या सगळ्या. एका थेंबात काही कोटी."

"आणि या जांभळ्या?"

"त्या पांढऱ्या, रंगामुळे जांभळ्या दिसतात. खूण त्यांच्यात वाचता येते. तांबड्यांनी आतलं सगळं टाकून दिलेलं असतं, सगळी जागा प्राणवायूच्या ओझ्यासाठी ठेवलेली. पण आया त्याच. एकाच घरच्या."

"यातली दांडगीची कुठली?"

"मला नाही सांगता यायचं. दिसायला सारख्याच सगळ्या. पण धर, तिनातली एक."

पोर पुटपुटत मोजायला लागली. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मावशीला दिसत होतं, तिची बोटं टेबलावर आपटत होती, ग्रीस नखांत तसंच. मग बोटं थांबली.

"मावशी, सगळ्यात पहिली ती एकच होती ना? त्या पिशवीतली?"

"एकच. इतकी बारीक की एका सुईच्या टोकावर शेकडो मावतील."

"एकीने एवढं सगळं केलं?"

"एकीने. आणि अजून करतेय, तू इथे बसलीस तरी."

पोरीने भिंगावरून डोळा काढला नाही. "चार वर्षं मी हिच्या नावाने बोटं मोडली. रोज सकाळी उठलं की आधी हिला शिव्या. बारा मजले चढताना शिव्या. आणि चढवत कोण होतं? हीच."

मावशीला सांगावंसं वाटलं की हे सगळं खरं असलं तरी उद्याचं कुणी सांगू शकत नाही, राबणारी पेशीसुद्धा कधी बिघडू शकते. पण ते पोरीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तिने चार वर्षं तेच जगून काढलं होतं.

"हिला काही सांगता येतं का गं?" पोरीने विचारलं.

"काय सांगायचंय?"

पोर भिंगाला डोळा लावूनच, अगदी हळू, झोपलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "एवढ्यावरच थांब." आणि थोड्या वेळाने, "पण थकू नकोस."

मावशी दारापर्यंत गेली आणि बाहेरच्या माणसाला आणखी पाच मिनिटं बसायला सांगून आली.